रामटेके बाईंचं वाचन

रामटेके बाईंनी एकदाच खोटं वाचलं. निदान मला तरी एकदाच माहीत आहे. वाचलं तेव्हा अर्धं गाव भोवती उभं होतं, आणि त्या गर्दीत बाईंशिवाय ते अक्षर वाचू शकणारा मोठा माणूस एकच होता, तो म्हणजे मी. मी गप्प राहिलो. यात माझा काही मोठेपणा नाही, मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर काय केलं असतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. आसगावच्या पुढं, पवनीच्या वाटेवर, एवढं पुरे. सत्तर सालानंतरचे दिवस होते. गावात एका संस्थेची मॅट्रिकपर्यंतची शाळा होती, तिथं मी गणित शिकवायचो. मी वर्ध्याकडचा. धानाच्या मुलखात येऊन पडलो होतो आणि पहिली दोन वर्षं सकाळी भात, संध्याकाळी भात या विषयावर कुरकुरण्यात घालवली. शाळेच्या मागं मास्तरांसाठी खोल्या होत्या. एका खोलीत मी आणि माझी बायको, शेजारच्या खोलीत विमल रामटेके, इतिहासाच्या बाई.

बाई पवनीच्याच. वडील विडीच्या कारखान्यात, घर छप्पन सालापासून बौद्ध झालेलं, आणि त्या घरातली बी.ए. झालेली पहिली मुलगी. वय तेव्हा तीस-बत्तीस असेल. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं." आणि विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पापणी न हलवता बघत राहायच्या. दुसऱ्यांदा विचारायची हिंमत कोणाला झालेली मी पाहिली नाही.

पहिल्याच आठवड्यात मी आठवीच्या वर्गावर गेलो, तर फळ्यावर अधिकचं चिन्ह, वर्तुळ, चौकोन आणि आडव्या रेघेवर उभा लंब. आधीचा तास इतिहासाचा होता. मला वाटलं, बाई माझ्या विषयात हात घालताहेत. मधल्या सुट्टीत मी जरा घुश्शातच विचारलं, "बाई, भूमिती तुम्ही शिकवणार असाल तर मी इतिहास घेऊ का?"

"घ्या की," त्या म्हणाल्या. "पण आधी फळ्यावरचं वाचून दाखवा."

मग त्यांनी मला तिथल्या तिथं शिकवलं. अधिक म्हणजे क. वर्तुळ म्हणजे ठ. चौकोन म्हणजे ब. लंब म्हणजे न. दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखात माणसं असं लिहायची, आणि या लिपीला ब्राह्मी म्हणतात. मी म्हटलं, मला काय करायचंय. त्या म्हणाल्या, "तुम्हाला तर अर्धी आधीच येते." एका महिन्यात मला उरलेली अर्धीही येऊ लागली. कसं कोण जाणे, पण बाई असल्या कामाला माणूस लावून टाकायच्या.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं त्याला कारण होतं. पवनीला टेकाड खोदून जुन्या स्तूपाचे दगड काढले, तेव्हा मातीची घमेली वाहायला ज्या बायका लावल्या होत्या त्यांत बाईंची आई होती. एक दिवस आईनं घरी येऊन सांगितलं, आज निघालेल्या दगडावर अक्षरं होती, साहेब म्हणाला ज्यांनी दगड दान दिला त्यांची ती नावं. बाई बघायला गेल्या. त्यांना एक अक्षर लागलं नाही. "आई अडाणी आणि मी बी.ए.," त्या सांगायच्या, "आणि त्या दगडापुढं दोघी सारख्याच." त्याचा त्यांना फार राग आला होता. नागपूरला जाऊन ग्रंथालयात बसून त्यांनी ती लिपी पाठ केली आणि मग पवनीचे दगड वाचले. त्यांतली काही नावं बायकांची असावीत, असं त्यांचं म्हणणं होतं. असावीत, असंच म्हणायच्या. आहेत, असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

हा त्यांचा स्वभावच होता. "पुरावा?" हा शब्द त्या दिवसातून वीस वेळा उच्चारायच्या. गवळी म्हणाला दुधात पाणी नाही, तर पुरावा. माझी बायको म्हणाली आज पाऊस येणार, तर पुरावा. शाळेचा शिपाई उशिरा आला आणि म्हणाला, घरवालीची तब्येत खराब होती, तेव्हाही बाई सवयीनं पुरावा म्हणून गेल्या. तो बिचारा दुसऱ्या दिवशी बायकोलाच घेऊन आला. तिला बाईंनी बसवून चहा पाजला आणि माफी मागितली. पण सवय काही गेली नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या पोरींना थांबवून घ्यायच्या. आठ-दहा पोरी असायच्या. सुरुवातीला चार पोरंही होती, ती कबड्डीच्या नादानं गळाली. बाई आधी एखाद्या जुन्या काळच्या बाईची गोष्ट सांगायच्या आणि मग तिचं नाव ब्राह्मीत काढायला लावायच्या. सातवाहनांची राणी नागनिका, जिनं नवऱ्याच्या पश्चात आपल्या यज्ञांची भलीमोठी यादी नाणेघाटात दगडावर कोरून घेतली. गौतमी बलश्री, जिच्या नावावरून एवढ्या मोठ्या राजाला गौतमीपुत्र म्हणतात. आणि बाईंची सगळ्यात लाडकी प्रभावतीगुप्ता. ही तर आपल्याच भागातली, रामटेकच्या बाजूची वाकाटकांची राणी. नवरा लवकर गेला, पोरं लहान, तिनं राज्य हाकलं. "आणि ताम्रपटात वंशावळ कोणाची दिली?" बाई विचारायच्या. "सासरची नाही. माहेरची. राज्य सासरचं आणि आजा-पणजा माहेरचा." यावर पोरी तोंडाला पदर लावून हसत. दारात उभी राहून ऐकणारी माझी बायको घरी येऊन मला म्हणाली, आपल्या दारावर माझ्या वडिलांच्या नावाची पाटी लावून पाहू का. मी म्हटलं, खोली संस्थेची आहे.

गोष्ट झाली की वाचन. त्यासाठी बाईंचा एकच कायदा होता. दिसतं तेवढंच वाचायचं. अक्षर फुटलं असेल तिथं टिंब द्यायचं. अंदाज मनात ठेवायचा, तोंडावाटे काढायचा नाही. एखादी पोरगी घाईनं पुढचं अक्षर ठोकून द्यायला लागली की बाई खडू खाली ठेवून म्हणायच्या, "तू तिथं होतीस का?"

या कायद्यापायी त्यांनी गावाचा एक रस्ता घालवला. असं गाव तरी म्हणायचं. गावाच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, बायका एका लांबट दगडावर कपडे आपटायच्या. बाईंना कुठलाही दगड दिसला की तो उलटा करून बघायची खोड होती. त्यावरून त्यांना दगडवाली बाई म्हणत. हाही त्यांनी चार बायकांना हाताशी धरून उलटवला. खालच्या अंगाला अक्षरं निघाली. बाई शिंदीच्या काडीचा कुंचला करून दोन दिवस चिखल काढत बसल्या. कोणा बाईनं दिलेली देणगी, एवढं लागत होतं. नावाची सुरुवातीची अक्षरं कपडे आपटून गेली होती.

गावात ही बातमी फिरता फिरता राणीचा दगड अशी झाली. सरपंच हेडमास्तरांना घेऊन बाईंकडे आले. म्हणाले, बाई, राणीचं नाव आहे असं कागदावर लिहून द्या, मोठे साहेब बघायला येतात, रस्ता पक्का होतो. बोलणं वावगं नव्हतं. पावसाळ्यात त्या रस्त्यानं बैलगाडी जाणं मुश्कील.

"राणी नव्हती ती," बाई म्हणाल्या.

"तुमाले कसं मालूम? नाव तं फुटलं हाये."

"म्हणूनच. फुटलेल्या जागी मी राणी कशी बसवू? कोणीतरी बाई होती. तिनं दिलं, आपलं नाव लिहून ठेवलं. तेवढं लिहून देते."

तेवढं कोणाला नको होतं. सरपंच गेले, रस्ता झाला नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात ज्याची ज्याची गाडी फसली त्यानं बाईंचं नाव घेतलं. मलाही तेव्हा बाईंचा राग आला होता. दोन अक्षरांनी काय बिघडणार होतं, असं मी बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्याशी आठ दिवस अबोला धरला.

पोरींनी मात्र या विद्येचा वेगळाच उपयोग शोधून काढला. त्या एकमेकींना ब्राह्मीत चिठ्ठ्या लिहू लागल्या. घरात भाऊ, काका, बाप कोणाच्याही हाती कागद पडला तरी भीती नाही. एकदा अशी चिठ्ठी भर तासाला बाईंच्या हाती लागली. त्यात खुद्द बाईंच्या निळ्या साडीबद्दल, ती किती दिवस सलग नेसतात याबद्दल काही मजकूर होता. बाईंनी तो वाचला, लाल शाईनं दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि चिठ्ठी जिची तिला परत दिली. साडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. हे मला त्या पोरींपैकी कुसुमनं पुढं सांगितलं. या चिठ्ठ्यांत सगळ्यात सुरेख अक्षर होतं ते तिच्या मैत्रिणीचं, शांताचं.

शांता ही डोमाजीची पोरगी. डोमाजी गावातला बऱ्यापैकी शेतकरी, कष्टाळू, तापट, अक्षरशत्रू. पोरगी मॅट्रिक पास झाली याचा त्याला अभिमान होता आणि आता धान घरात आलं की तिचं लग्न करून टाकायचं हेही त्यानं ठरवून टाकलं होतं. शाळा संपली तरी शांता शनिवारी यायची.

धान चुरून, म्हणजे मळून, झालं होतं, घरोघर ढोल्या भरणं चाललं होतं. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची उंच कणगी. त्या आठवड्यात डोमाजीचा एक बैल अचानक मेला आणि धाकट्या पोराला ताप आला, तो उतरेना. रविवारी सकाळी नवं धान ओतायच्या आधी ढोली झाडताना त्याला बांबूच्या फटीत घडी केलेला कागद सापडला. उघडून पाहतो तर त्यावर फुल्या, गोल, चौकोन, काड्या. गावात लिहिता-वाचता येणारे दोन-तीन जण आले, त्यांनाही एक अक्षर लागेना. करणी झाली, असं मग कोणीतरी म्हणालंच. पलीकडच्या गावचा भगत बोलावला गेला. त्यानं विचारलं, ढोलीपाशी घरच्याशिवाय कोण येतं? येत होती भागरताबाई. शेजारची म्हातारी, एकटी, वीस वर्षं त्या घरचं धान पाखडणारी.

आम्हाला हे कळलं ते कुसुम धावत आली तेव्हा. बाई अंगणात तांदूळ निवडत होत्या, मी विहिरीवर होतो.

"बाई, चला. भागरताआजीले बांधून ठेवलं. मारतीन तिले."

"कायले?"

"डोमाजीकाकाच्या ढोलीत कागद सापडला." कुसुमनं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "आपल्या अक्षरातला. शांतानं पाठवलं मले. ते रडून राहिली, तिच्या तोंडातून शब्द नाई फुटत."

बाईंनी सूप तसंच टाकलं. मीही मागं गेलो. जाण्याची हौस नव्हती, पण बायको दारात उभी राहून बघत होती.

डोमाजीच्या अंगणात गर्दी होती. भागरताबाई खांबाशी बसलेली, हात चऱ्हाटानं बांधलेले, एक गाल सुजलेला. ती रडत नव्हती. जो समोर येईल त्याला ती एकच सांगत होती, "मले लिवता येत नाई, बापू." हे खरं होतं, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. भगतानं मिरच्यांची धुरी करायला शेणी पेटवायला सांगितल्या होत्या. डोमाजीच्या हातात बैलाची काठी होती. त्याच्यामागं, स्वयंपाकघराच्या दारात, चौकट धरून शांता उभी होती.

"कागद द्या," बाई म्हणाल्या.

"हात नोका लावू, बाई," भगत म्हणाला. "लागंल तुमाले."

"लागू द्या."

त्यांनी कागद घेतला. मी त्यांच्या खांद्यामागून वाचला. चार ओळी होत्या, अक्षर सुरेख. कुसुम, मी सोमवारी पहिल्या गाडीनं भंडाऱ्याला जाते. नर्सच्या शिक्षणाला माझा नंबर लागला. लग्न करणार नाही. घरी सांगू नको, बाबा तोडून टाकतील.

आता काय होणार ते मला स्पष्ट दिसत होतं. आहे तसं वाचलं तर म्हातारी सुटते आणि पोरगी सापडते. वाचलं नाही तर शेणी पेटलेल्याच आहेत. बाई कागदाकडे बघत उभ्या होत्या. एवढा वेळ त्या कुठल्या दगडापुढंही थांबल्या नसतील.

"काय हाये?" डोमाजीनं विचारलं. "मंतर हाये का?"

"अक्षर आहे. आपल्याकडचं जुनं अक्षर. मी शाळेत पोरींना शिकवते."

"मंग वाचा."

बाईंनी कागद समोर धरला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वर्गातल्या आवाजात वाचलं. "नागनिका, सातवाहनांची राणी." बोट खाली सरकलं. "गौतमी बलश्री." आणखी खाली. "प्रभावतीगुप्ता, वाकाटकांची राणी. आणि शेवटी लिहिलंय, पाठ करणे. अभ्यास आहे शांताचा. उंदरानं नेला असेल ढोलीत."

गर्दी जराशी सैल झाली. भगताला ते परवडण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "बाई काईबी सांगतीन. कोनाले समजते?"

बाईंनी खाली पडलेली काडी उचलली आणि अंगणातल्या मातीत मोठी मोठी अक्षरं काढली. मग डोमाजीला म्हणाल्या, "शाळेतली कोणतीही पोरगी बोलवा. मी इथून बाजूला होते. हे काय आहे ते तिला विचारा."

शनिवारच्या सगळ्या पोरी गर्दीत होत्याच. डोमाजीनं इकडंतिकडं पाहिलं आणि जी सगळ्यात जवळ होती तिच्या दंडाला धरून पुढं ओढलं. ती कुसुम होती.

"भागरता," कुसुमनं वाचलं.

लोक चकित झाले. दोघा-चौघांनी मातीकडे वाकून पाहिलं. संपलं, असं मला वाटलं. पण डोमाजी मूर्ख नव्हता. त्यानं बाईंच्या हातातला कागद काढून कुसुमसमोर धरला. "आता हे वाच."

ती चिठ्ठी कुसुमलाच लिहिलेली होती, पण द्यायची संधी मिळेपर्यंत शांतानं ती ढोलीत दडवली होती आणि ती तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. पोरगी ती तिथं पहिल्यांदा वाचत होती. आपली मैत्रीण उद्या गाव सोडून चालली, हे तिला त्या क्षणी, सगळ्यांच्या देखत कळत होतं. तिचे डोळे चारही ओळींवरून फिरले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं बाईंकडे पाहिलं नाही, शांताकडे पाहिलं नाही.

"नागनिका, सातवाहनाईची राणी," ती म्हणाली. "गौतमी बलश्री. प्रभावतीगुप्ता, वाकाटकाईची राणी. पाठ करणे."

बाकीच्या पोरींपैकी दोघी-तिघी कागदाच्या इतक्या जवळ होत्या की त्यांना सगळं दिसत असणार. एकीचाही चेहरा हलला नाही. बाई मात्र खाली जमिनीकडे बघत होत्या.

चऱ्हाट डोमाजीनं स्वतः सोडलं. माफी कोणी मागितली नाही. भागरताबाई उठली, मनगटं चोळत दोन पावलं आली आणि मातीतल्या अक्षरांपाशी थांबली. "हे मी हावो का?" तिनं बाईंना विचारलं. बाई हो म्हणाल्या. म्हातारीनं लुगडं सावरलं आणि नावावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून घरी गेली.

परत आल्यावर बाईंनी खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. बायको चहा घेऊन गेली तर बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "वहिनी, मी खोटं बोलले त्याचं एवढं नाही. त्या पोरीला मी खोटं वाचायला शिकवलं." आणि त्या रडल्या. बाई रडू शकतात, हे आम्हा दोघांना तोवर ठाऊक नव्हतं.

शांता सोमवारी पहिल्या गाडीनं गेली. आदल्या दिवशीच्या गोंधळानं तिचा बेत उलट सोपा झाला. घरातले सगळे तापाच्या पोराभोवती होते. मंगळवारी डोमाजी शाळेत आला. तो वरांड्यात उभा राहिला आणि बाई वर्गातून बाहेर आल्या.

"बाई, कागदात खरं काय होतं?"

हेडमास्तर आतून खुणा करत होते. बाईंनी पाहिलं नाही. त्यांनी चारही ओळी, जशा होत्या तशा, तोंडपाठ सांगितल्या. मग म्हणाल्या, "मी खोटं वाचलं."

"काहून?"

"तुमच्या हातात काठी होती."

डोमाजी पाठ फिरवून गेला. त्यानं संस्थेकडे तक्रार केली, ती करणारच होता. संस्थेची बैठक झाली. आमचे हेडमास्तर भला माणूस, त्यांनी बाईंसाठी पळवाट काढली होती. बाईंनी एवढंच म्हणायचं की कागद मळला होता, अक्षर नीट लागलं नाही, नजरचूक झाली. बाई बैठकीत म्हणाल्या, "अक्षर स्वच्छ होतं. शांतासारखं अक्षर शाळेत कोणाचं नाही." झालं. शनिवारचा वर्ग बंद आणि बाईंची बदली संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, पार आंधळगावच्या बाजूला. मी त्या बैठकीत शिक्षकांच्या वतीनं हजर होतो. चिठ्ठी मीही वाचली होती आणि गप्प राहिलो होतो, हे तिथं सांगायला काही हरकत नव्हती. सांगितलं नाही. नोकरी पक्की व्हायची होती. याची मला लाज वाटते.

बाई निघाल्या त्या दिवशी सकाळी मी त्यांची पेटी सायकलच्या कॅरियरवर बांधून फाट्यावर घेऊन गेलो. पोरींना यायची मनाई होती. झाडाखाली पेटीवर बाई बसल्या, मी उभा. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण आम्ही थंडीबद्दल बोललो. तेवढ्यात शेताच्या बांधावरून डोमाजी येताना दिसला. हात रिकामे होते, तरी मी बाईंच्या पुढं सरकलो. त्यांनी मला हातानं बाजूला केलं.

डोमाजीनं बंडीच्या खिशातून पाकीट काढलं. "पोरीचा कागद आला. वाचून द्या."

"गावात कोणीही वाचून देईल, डोमाजीभाऊ. हे गुरुजी आहेत."

"गावातले वाचतीन आन् मंग चावडीवर सांगत बसतीन. गुरुजी माह्या तोंडाकडं पाहून गोड गोड वाचतीन." हे त्यानं माझ्यासमोर म्हटलं, आणि मला रागही आला नाही. "तुमी एक डाव माह्यापाशी खोटं वाचलं. दुसऱ्या डाव नाई वाचणार. मले मालूम हाये."

बाईंनी पत्र उघडलं. साधं, आपल्या रोजच्या अक्षरातलं पत्र. आईला नमस्कार, बाबांना नमस्कार, मी बरी आहे, इथं राहण्या-जेवण्याची सोय आहे, भावाचा ताप उतरला का. इथवर सोपं होतं. पुढं बाईंचा आवाज थोडा खाली आला, पण थांबला नाही. बाबा, तुम्ही भागरताआजीला मारलं. ती आपलं धान पाखडते आणि तुम्ही तिला बांधलं. मी दारात उभी होते. कागद माझा आहे असं मी बोलले नाही, कारण तुम्ही मला तोडून टाकलं असतं. आजीला मारू दिलं मी, आपला जीव वाचवायला. मला झोप येत नाही. तुम्ही तिच्या पाया पडा, माझ्यासाठीही पडा. मला तुमची फार भीती वाटते, बाबा. लहानपणापासून वाटते. तुम्ही बोलावलं तर मी पुढच्या दिवाळीला येईन.

पत्र संपलं. डोमाजी झाडाला पाठ टेकून खाली बसला होता. गाडी आली, कंडक्टरनं दार उघडून चला, चला म्हटलं. बाई उठल्या, पत्राची घडी करून त्यांनी त्याच्यापुढं धरली. त्यानं ती घेतली नाही.

"अजून एक डाव," तो म्हणाला.

बाईंनी कंडक्टरला हातानंच जा म्हटलं. पुढची गाडी दुपारी होती. त्या पुन्हा पेटीवर बसल्या आणि नमस्कारापासून सुरुवात केली. भीतीच्या ओळीशी आल्या तेव्हा डोमाजीनं त्यांना थांबवलं.

"हे कुठं लिवलं हाये? दाखवा."

बाईंनी ओळ दाखवली. तो वाकला आणि त्या ओळीकडे बघत राहिला. त्याला त्यातलं एक अक्षरही लागत नव्हतं.

माझा दुसरा तास होता. मी सायकल वळवली. वळणावर जाऊन मागं पाहिलं, तर तो बाईंच्या पायाशी मातीत बसला होता आणि बाई तिसऱ्यांदा वाचत होत्या.